तेरा-शून्य-पंचेचाळीस हे खताचे नाव आहे

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक सुरक्षा ब्यूरो, नवी दिल्ली
तसेच ओझर विमानतळासह राज्यातील सर्व विमानतळांवर प्रवासी तपासणीची जबाबदारी सांभाळणारे अधिकारी

विषय: स्फोटकांचे अंश शोधणाऱ्या यंत्राचा खतामुळे वाजणारा अलार्म आणि त्यानंतरची कार्यवाही

महोदय,

निफाड, दिंडोरी, चांदवड आणि नाशिक या तालुक्यांत ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत द्राक्षबागेला ठिबकमधून आणि फवारणीतून नायट्रेटयुक्त खते दिली जातात. ऑक्टोबर ते मार्च या काळात अशा खताचे एखादे पोते जवळजवळ प्रत्येक बागायतदाराच्या शेडमध्ये उघडे असते. याच महिन्यांत बागायतदार, त्यांच्या घरची माणसे, कृषी सेवा केंद्रवाले, पॅकहाउसमधले तरुण कामानिमित्त विमानाने जातात. विमानतळावर हातावरून आणि बॅगेवरून पट्टी फिरवून जी चाचणी होते, ती शोधत असलेल्या पदार्थांत नायट्रेट अगदी वरच्या क्रमांकावर आहे. म्हणजे आमच्या भागातल्या प्रामाणिक प्रवाशाच्या हातावर अलार्म वाजणे हा अपवाद नाही. तो वाजणारच, असे गृहीत धरून व्यवस्था आखायला हवी.

हे पत्र लिहिणाऱ्यांत बागायतदार आहेत, खतविक्रेते आहेत आणि रसायनशास्त्र शिकवणारे आहेत. ही कोणत्याही एका विमानतळाची किंवा एखाद्या जवानाची तक्रार नाही. तपासणी आम्हालाही हवी आहे. १९८५ साली एअर इंडियाच्या कनिष्क विमानात सामानातून आलेल्या बॉम्बने ३२९ माणसांचा जीव घेतला, आणि आपला ब्यूरो १ एप्रिल १९८७ रोजी स्वतंत्र खाते झाला तो त्यानंतरच. ही पट्टी कशासाठी फिरवली जाते, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे अलार्म वाजल्यानंतरच्या वेळेबद्दल आहे.

आधी यंत्राविषयी, कारण प्रवाशांना ते कुणी समजावून सांगत नाही. या यंत्राला ईटीडी म्हणतात. पट्टी खाचेत सरकवली की ती २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. तिच्यावरच्या कणांची वाफ होते, वाफेतल्या रेणूंना विद्युतभार मिळतो आणि ते आयन एका नळीतून विद्युतक्षेत्राच्या ओढीने पलीकडच्या टोकाला जातात. आटोपशीर आयन लवकर पोहोचतो, बोजड आयन मागाहून. हा वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजला जातो आणि यंत्रात साठवलेल्या यादीशी ताडून पाहिला जातो. जुळला की अलार्म. सगळे मिळून दहाएक सेकंदांचे काम.

यंत्राला एवढेच कळते की अमुक वेळात पोहोचणारा आयन सापडला. तो शेतातून आला की खाणीतून, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही, कारण खतातले अमोनियम नायट्रेट आणि सुरुंगाच्या मिश्रणातले अमोनियम नायट्रेट हा एकच पदार्थ आहे. शिवाय यंत्राला लागणारी मात्रा नॅनोग्रॅममध्ये असते. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा १०० कोटीवा भाग. मिठाचा एक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे ६० हजार नॅनोग्रॅमचा असतो. ज्या माणसाने सकाळी २५ किलोचे पोते फोडून बादलीत खत कालवले आहे, त्याच्या नखात काय उरले असेल याचा अंदाज यावरून करावा.

आता खतांकडे येऊ. हा भाग आपल्या तपासणी कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोचावा, अशी आमची विशेष विनंती आहे.

अलार्मच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे खत म्हणजे कॅल्शियम नायट्रेट. मणी घट्ट व्हावा, तडकू नये म्हणून ते दिले जाते. बाजारात मिळणारे दाणेदार कॅल्शियम नायट्रेट हे निव्वळ कॅल्शियम नायट्रेट नसते, त्याच्या स्फटिकातच थोडे अमोनियम नायट्रेट बांधलेले असते. खत नियंत्रण आदेशाच्या मानकात एकूण नत्र किमान १५.५ टक्के, त्यापैकी नायट्रेट रूपातले किमान १४.५ टक्के आणि अमोनिया रूपातले कमाल १.१ टक्के, असे लिहिलेले असते. हा शेवटचा आकडा त्या बांधलेल्या अमोनियम नायट्रेटचा. या खताचा आणखी एक गुण प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे: पोते उघडे राहिले की त्याला पाणी सुटते. हवेतली ओल ओढून ते चिकट होते आणि मग कातडीला, कापडाला, पिशवीच्या बंदाला धरून बसते.

दुसरे १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. (खताच्या नावातले तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे टक्के.) यातले १३ टक्के नत्र सगळेच्या सगळे नायट्रेटचे. एकटे पोटॅशियम नायट्रेट सहजासहजी वाफ होत नाही, त्यामुळे त्यावर यंत्र अमोनियम नायट्रेटइतक्या तत्परतेने वाजेलच असे नाही. पण शेतकरी ते नेहमी एकटे वापरत नाही. टाकीत १३:०:४५ बरोबर १२:६१:० टाकले, की पाण्यात दोन्ही क्षार सुटे होतात. तो थेंब हातावर वाळतो तेव्हा एका खतातला अमोनियम आणि दुसऱ्यातले नायट्रेट शेजारी येऊन बसतात. पट्टी तापली की यंत्राला त्यांतून अमोनियम नायट्रेट दिसू शकते, मग शेतकऱ्याने त्या नावाचे पोते आयुष्यात विकत घेतलेले नसले तरी. ‘अमोनियम नायट्रेट हाताळले का?’ या प्रश्नाला तो मनापासून ‘नाही’ म्हणतो आणि यंत्र ‘हो’ म्हणते. समोरच्याला वाटते की हा खोटे बोलतोय. दोघांचेही बरोबर असते.

१९:१९:१९ मध्ये युरिया, अमोनिया आणि नायट्रेट अशी तिन्ही रूपे असतात. नायट्रोफॉस्फेट पद्धतीने बनलेल्या १५:१५:१५ सारख्या दाणेदार खतांतही नायट्रेट असते. उलट नुसता युरिया, १२:६१:०, ०:५२:३४ आणि ०:०:५० यांत नायट्रेट नसते. प्रवासी म्हणाला ‘मी फक्त ०:०:५० सोडले’ आणि यंत्राने नायट्रेट दाखवले, तर पुढे विचारण्यासारखे काही आहे, हे तपासणाऱ्यालाही कळायला हवे. म्हणजे ही माहिती सुरक्षेच्याच उपयोगाची आहे.

इथे भाषेची एक अडचण येते आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. आमच्याकडे या खतांना रासायनिक नावाने कुणी हाक मारत नाही. दुकानात जाऊन ‘तेरा-शून्य-पंचेचाळीसची एक बॅग द्या’ असेच म्हणतात. विमानतळावरचा जवान अनेकदा दूरच्या राज्यातून बदलून आलेला असतो. त्याने हिंदीत विचारावे की हाताला काय लागले आहे, आणि समोरच्या वयस्कर माणसाने गांगरून मराठीत सांगावे, ‘काल तेरा-शून्य-पंचेचाळीस सोडलं होतं.’ आकड्यांचे हे उत्तर ऐकणाऱ्याला सांकेतिक भाषेसारखे वाटले तर त्याला तरी दोष कसा द्यायचा? आणि शेतकऱ्याच्या कानावर त्या हिंदी संभाषणातला ‘बारूद’ एवढा एकच शब्द पडलेला असतो. तिथून पुढे तो काही सुसंगत बोलू शकत नाही.

कण विमानतळापर्यंत कसे येतात, हेही लक्षात घ्यावे. नायट्रेट पाण्यात फार लवकर विरघळते, त्यामुळे साबणाने नीट धुतलेले हात बहुतेक वेळा स्वच्छ होतात. पण धुतलेल्या हाताने माणूस तीच मोटरसायकल चालवतो, तोच मोबाइल उचलतो, तोच चामडी पट्टा कमरेला बांधतो. पिकअपच्या हौद्यात जिथे काल खताची पोती होती तिथे आज प्रवासाची बॅग ठेवलेली असते. बॅगेचा तळ, चाके आणि मूठ या तीन जागा सगळ्यात वाईट. मग तपासणीच्या रांगेत ही बॅग ट्रेमध्ये जाते, तो ट्रे पुढच्या प्रवाशाला मिळतो आणि ज्याचा शेतीशी काडीचा संबंध नाही अशा माणसाच्या लॅपटॉपवर अलार्म वाजू शकतो. अंगझडती घेणाऱ्याचे हातमोजेही हेच करतात. एकाच पट्टीने अनेकांची चाचणी होत असेल, तर आधीच्याचे पाप पुढच्याच्या माथी जाते. जोराचा अलार्म येऊन गेल्यावर यंत्राच्या आत काही अंश रेंगाळतो. कोरी पट्टी घालून उत्तर स्वच्छ येईपर्यंत ते पुन्हा वापरणे योग्य नाही. गर्दीच्या वेळी ही कोरी फेरीच पहिली गळते, अशी आमची भीती आहे.

खताखेरीज आणखीही कारणे असतात. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळ्या किंवा फवारा घेऊन फिरणारे कितीतरी ज्येष्ठ प्रवासी आहेत. आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटची गोळी त्याच कुळातली. इथे यंत्र चुकत नाही, पदार्थ खरोखर तोच असतो, फक्त औषधाच्या मात्रेत. अशा प्रवाशाला बाजूला उभे करताना त्याची गोळी त्याच्यापासून दूर ठेवली जाऊ नये, एवढे तरी लेखी आदेशात यावे. घाबरल्यावर छातीत कळ येणारा हाच माणूस असतो. दिवाळीत आणि लग्नसराईत फटाक्यांची दारू हाताला लागते, तिचा बराच मोठा भाग पोटॅशियम नायट्रेटच असतो. विहिरीच्या सुरुंगाचे काम करणाऱ्या मजुराच्या कपड्यांवर तर खऱ्याखुऱ्या स्फोटकाचे अंश सापडतील आणि तरीही तो निर्दोष असेल.

एक गोष्ट स्पष्ट करतो. शेतकऱ्याला सूट द्या, सातबारा किंवा ओळखपत्र दाखवले की जाऊ द्या, असे आम्ही म्हणत नाही. आमच्यातल्या काहींनी ही सूचना केली होती आणि ती आम्हीच बाजूला ठेवली. कागद दाखवून चाचणी टळत असेल, तर तो कागद उद्या नको त्या माणसाच्या खिशात असेल. चाचणी सगळ्यांची व्हावी, अलार्म वाजल्यावर पूर्ण तपासणीही व्हावी. ती कशी व्हावी, याबद्दल मात्र आमच्या ठाम मागण्या आहेत.

अलार्म वाजला की पट्टी फेकून द्यावी, हातमोजे बदलावेत, यंत्रावर कोरी फेरी घ्यावी आणि मगच दुसरा नमुना घ्यावा. शक्य तिथे दुसरा नमुना दुसऱ्या यंत्रावर तपासावा. हात, बॅगेची मूठ आणि बॅगेचा आतला भाग यांचे नमुने वेगवेगळे घ्यावेत, एकाच पट्टीने सगळे पुसू नये. नाहीतर अलार्म कशामुळे आला हे पुन्हा कोडेच राहते. बॅग पुन्हा एक्स-रेतून काढावी, उघडून हाताने तपासावी. एक्स-रेच्या पडद्यावर सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. गुळाची ढेप, खवा, खजूर यांची घनता अशी असते की पडद्यावर ते संशयास्पद वाटू शकतात. नायट्रेटचा अलार्म आणि बॅगेत गावाकडचा गूळ, असा योग जुळला तर संशय दुप्पट होतो. तिथे बॅग उघडून पाहण्याला पर्याय नाही, आणि त्याला आमची हरकतही नाही.

हे सगळे रांगेतल्या दीडशे माणसांसमोर होऊ नये. आडोशाची जागा असावी, स्त्री प्रवाशाची तपासणी अर्थातच स्त्री कर्मचाऱ्याने आणि तिच्यासोबतच्या कुणाला कळवून करावी. बागेतले विरळणीचे, डिपिंगचे (घड द्रावणात बुडवण्याचे), घड बांधण्याचे बरेचसे काम बायकाच करतात. खताचे हात म्हटले की पुरुषच डोळ्यांसमोर आणू नये. ‘स्फोटक’ आणि ‘बारूद’ हे शब्द निष्कर्ष निघेपर्यंत मोठ्याने उच्चारले जाऊ नयेत. त्याऐवजी मराठीत छापलेला प्रश्न प्रवाशाच्या हाती द्यावा: ‘यंत्राने तुमच्या हातावर किंवा सामानावर नायट्रेटचे अंश दाखवले आहेत. गेल्या काही दिवसांत तुम्ही खत, फटाके किंवा सुरुंगाचे साहित्य हाताळले का? हृदयविकाराचे औषध घेता का? कोणते, कधी?’ त्या शेजारी वर सांगितलेल्या खतांचा तक्ता असावा, म्हणजे प्रवासी आकड्यावर बोट ठेवेल आणि जवानाला त्यातला घटक कळेल. एका पानाचे काम आहे.

वेळेचा प्रश्न याहून कठीण आहे. देशांतर्गत विमानाचे गेट सुटण्याच्या साधारण २० ते २५ मिनिटे आधी बंद होते. अलार्म वाजला त्या क्षणी विमान कंपनीला कळवण्याची जबाबदारी कुणाची, हे ठरलेले असायला हवे. तपासणीत निर्दोष ठरलेला माणूस गेटवर पोहोचावा आणि गेट बंद असावे, मग तिकिटाचे पैसे त्याच्याच खिशातून जावेत, हा अन्याय आहे. सुरक्षा यंत्रणेने थांबवले होते, असा दोन ओळींचा शिक्क्याचा कागद मिळाला, तर निदान पुढच्या विमानात बसवून घ्या असे म्हणायला त्याच्याकडे काही असेल.

या कागदाचा आग्रह आम्ही का धरतो आहोत, ते सांगतो. विमानात दंगा करणाऱ्यांसाठी डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०१७ साली नियम केले. शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत, अंगाला हात लावणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका करणाऱ्याला दोन वर्षे किंवा जास्त बंदी. पण त्या प्रवाशालाही निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती मिळते, तिला ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, वर अपील करता येते. एखाद्याला विमानतळावर अडवण्यासाठी निघणाऱ्या लुकआउट परिपत्रकातही नामसाधर्म्यामुळे निरपराध माणूस अडकू नये म्हणून लिंग आणि नागरिकत्वाव्यतिरिक्त किमान तीन ओळखीचे तपशील, नाहीतर नाव आणि पासपोर्टचा तपशील द्यावा लागतो. अमेरिकेत नावाच्या गोंधळाने वारंवार अडवल्या जाणाऱ्याला २००७ पासून अर्ज करून रिड्रेस क्रमांक मिळतो, तो तिकीट काढताना लिहिता येतो. नावाच्या चुकीला असा रस्ता आहे. खताच्या अंशामुळे थांबवलेल्या माणसाच्या हातात मात्र काहीच पडत नाही. दिल्लीला विमान बदलताना त्याच बॅगेवर पुन्हा अलार्म वाजला, तर त्याने पहिल्यापासून सगळे सांगायचे. कागद असेल तर तपासणी टळणार नाही, टळूही नये. पण दुसऱ्या ठिकाणच्या अधिकाऱ्याला आधी काय सापडले, कोणत्या कारणाची शक्यता नोंदवली गेली, हे तरी दिसेल.

आमच्या बाजूने काय करायचे ते आम्ही गावोगाव सांगतो आहोत. शेतात नेलेली पिशवी प्रवासाला न्यायची नाही. पोते, व्हेंच्युरी (ठिबकमध्ये खत सोडायचे साधन) किंवा ब्लोअर (फवारणी यंत्र) हाताळताना घातलेले बूट, पट्टा, टोपी घरी ठेवायची. बॅगेची मूठ, चाके आणि मोबाइलचे कव्हर ओल्या फडक्याने पुसायचे. कोरड्या फडक्याने पुसले तर खत फक्त पसरते. बॅगेच्या कप्प्यात छाटणीची कात्री राहिलेली नाही ना, ते पाहायचे, कारण ती केबिनमध्ये चालत नाही आणि तिथे चूक आपलीच असते. औषधाची चिठ्ठी गोळ्यांसोबत ठेवायची. विचारले तर न लपवता, न चिडता खताचे नाव सांगायचे. पोत्यावरच्या घटकांच्या चौकटीचा फोटो मोबाइलमध्ये असला तर उत्तम.

२०२७ च्या सिंहस्थात ओझरला येणारी-जाणारी गर्दी आजच्यापेक्षा कितीतरी मोठी असेल. पहिल्यांदाच विमानात बसणारी वयस्कर माणसे असतील, मराठीखेरीज दुसरी भाषा न येणारे असतील, आणि तपासणीला बाहेरून आणलेले कर्मचारी असतील. ही व्यवस्था त्याआधी बसली तर बरे. आमची विनंती आहे की येत्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी ओझर विमानतळावर याची सुरुवात करावी.

जिल्ह्यात विकल्या जाणाऱ्या प्रमुख विद्राव्य आणि दाणेदार खतांचे नमुने, पोत्यावरच्या घटकांच्या चौकटीसह, आम्ही आपल्या प्रशिक्षण विभागाला विनामूल्य देऊ. कोणत्या खतावर कोणते यंत्र वाजते हे आपल्या तज्ज्ञांनी आपल्याच यंत्रावर तपासून घ्यावे. वर म्हटलेला खतांचा तक्ता मराठी आणि हिंदीत तयार करून पाठवायची आमची तयारी आहे. बागेत येऊन खत कालवण्यापासून काढणीपर्यंतचे काम पाहायचे असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ योग्य. सकाळी सातच्या आत आलात तर टाकी भरताना पाहता येईल.

आपले,
नाशिक, निफाड, दिंडोरी आणि चांदवड तालुक्यांतील द्राक्षबागायतदार, कृषी सेवा केंद्रचालक आणि रसायनशास्त्राचे शिक्षक